भाची रात्री दोन वाजता फोनवर मदत शोधते आहे. तिला थांबवू का?

प्रश्न: माझी भाची १९ वर्षांची आहे. पुण्यात हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सुट्टीत घरी आली तेव्हा गप्प गप्प होती. मी खोदून विचारल्यावर म्हणाली, ऑनलाइन टेस्ट दिली, त्यात ‘सिव्हिअर डिप्रेशन’ आलं. रात्री उशिरापर्यंत ती चॅटजीपीटीशी बोलते. इन्स्टाग्रामवरच्या एका ‘हीलर’चं तीन महिन्यांचं पॅकेज घ्यायचं तिच्या मनात आहे. आईबाबांना सांगू नकोस, अशी शपथ घातली आहे. हे सगळं बंद करायला लावू का? (सांगलीहून एक मावशी)

उत्तर:

फोन बंद करायला लावू नका, हे आधी सांगते. तुमच्या भाचीने जे केलं ते तिच्या वयाची बहुतेक मुलं करतात. आधी गुगल, मग रील्स, मग एखादी टेस्ट, मग एआय. त्यातली थोडीच पुढे एखाद्या माणसाजवळ तोंड उघडतात. तिने उघडलं, आणि तुमच्याजवळ उघडलं. आता फोनवर बंदी आली तर तिला एकच गोष्ट कळेल, की सांगितलं की असं होतं. पुढच्या वेळी ती तुम्हालाही सांगणार नाही.

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. विशीतलं कुणी माझ्याकडे फोनवर काहीच न शोधता आलं, असं आता क्वचित होतं. त्यामुळे ऑनलाइन मदत चांगली की वाईट, या वादात मी पडत नाही. मी एवढंच बघते, की पलीकडे जबाबदारी घेणारं कुणी आहे का. त्या व्यक्तीचं खरं नाव माहीत आहे का, शिक्षण तपासता येतं का, पुढच्या आठवड्यात ती ‘मागच्या वेळी तू झोपेचं म्हणाली होतीस, त्याचं काय झालं?’ असं विचारेल का, आणि जिवावर बेतलं तर ती काही हालचाल करेल का. या कसोटीवर टेस्ट, एआय, रील, हीलर, हेल्पलाइन सगळं लावून बघता येतं. तुमच्या पत्रातल्या एकेका गोष्टीकडे तसंच बघू.

त्याआधी, ही मुलं फोनकडेच का जातात ते समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कुणी ओळखीचं भेटलं तर, ही भीती आपल्याकडे अजून गेलेली नाही. मुलगी लग्नाच्या वयाला येत असेल तर ही भीती दुप्पट होते. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत असं दिसलं. म्हणजे उपचार न मिळणं हाच आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. फोन निदान रात्री दोनला उघडा असतो, ‘तुला काय कमी आहे?’ असं विचारत नाही, आणि चेहरा बघत नाही.

पण फोनवरही एकांत मिळतोच असं नाही, आणि मोठ्यांच्या हे लक्षात येत नाही. ऑनलाइन सत्राचे पैसे यूपीआयने भरले की खातं वडिलांसोबत जोडलेलं असेल तर मेसेज त्यांना जातो. ॲपवर नोंदणी करायची तर ओटीपी आईच्या नंबरवर येतो. घरातल्या टीव्हीवर आणि मुलीच्या फोनवर एकच गुगल अकाउंट असेल तर तिने पाहिलेले व्हिडिओ टीव्हीवर ‘तुमच्यासाठी’ म्हणून झळकतात. हॉस्टेलच्या खोलीत तिघी-चौघी. मग मुली सत्रासाठी गच्चीवर जातात, जिन्यात बसतात, पार्किंगमध्ये लावलेल्या स्कूटरवर बसून इअरफोन लावतात. माझ्याशी बोलता बोलता एखादी अचानक ‘हो, हो, असाइनमेंट उद्या देते’ म्हणते, तेव्हा मी ओळखते की कुणीतरी आलं. मी थांबते, ती व्यक्ती गेली की पुढे बोलतो. चॅटवर, टाइप करून बोलणं कित्येकांना बरं वाटतं ते याचसाठी. तिथे आवाज बाहेर जात नाही.

यातच तुमच्यासाठी पहिलं काम आहे, मावशी. फीचं तुम्ही बघा. शक्य असेल तर महिन्याकाठी एक-दोन सत्रांचे पैसे तुमच्या खात्यातून जाऊ देत. मुलं फीसाठी अडतात असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ती पैसे दिल्याच्या मेसेजला अडतात.

आता ती टेस्ट. तिने दिली ती बहुधा पीएचक्यू-९ असावी, नेटवर सगळ्यात जास्त तीच फिरते. तिच्यात नऊ प्रश्न असतात आणि ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. कशात रस वाटत नाही, उदास वाटतं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थपणा, आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा जास्त आली तर नीट तपासणी करावी, वीस किंवा जास्त असेल तर लक्षणं तीव्र आहेत, असा अंदाज. प्रश्नावली खोटी नाही. आम्हीही वापरतो. पण ती चाळणी आहे, निदान नाही.

एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा मुलगा माझ्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्याने फोनमधले स्क्रीनशॉट दाखवले. एका रात्री २१, दोन दिवसांनी १३, मग १९. ‘मॅडम, माझं डिप्रेशन कमी-जास्त का होतंय?’ तारखा विचारल्या तेव्हा कळलं की २१ आले ती रात्र सराव परीक्षेच्या निकालाची होती. प्रश्न दोन आठवड्यांचे होते, उत्तरं त्या रात्रीची होती. मग आम्ही दोघांनी दुपारी, कागदावर, एकेक प्रश्न घेऊन बोलत बोलत ती पुन्हा भरली. ‘झोप येत नाही’ला तो प्रत्येक वेळी तीन गुण देत होता. विचारल्यावर समजलं की अभ्यासिका रात्री उशिरा सुटते, त्यानंतर चहा होतो, आणि खोलीवर पाच जण. झोप येत नव्हती हे खरं, पण त्यामागे आजार किती आणि चहा-गोंगाट किती हे बेरीज सांगू शकत नव्हती. नवव्या प्रश्नाला मात्र तो दर वेळी ‘एक’ भरत होता, निकाल असो वा नसो. बोलायची खरी गोष्ट ती होती, आणि तीन स्क्रीनशॉटमध्ये ती बेरजेखाली झाकून गेली होती.

म्हणून भाचीला ‘अशा टेस्टवर विश्वास ठेवू नकोस’ असं म्हणू नका. ‘मला दाखव ना, काय काय विचारलं होतं त्यात?’ असं म्हणा. जवळ बसून किंवा फोनवर, एकेक प्रश्न. नववा प्रश्न टाळू नका.

टेस्टला न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक, थायरॉइडचा बिघाड, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता यानेही थकवा, मरगळ, लक्ष न लागणं होतं, आणि मेसवर जेवणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असणं काही दुर्मीळ नाही. साध्या रक्ततपासणीने हे कळतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही प्रश्नावली फक्त खाली गेलेल्या मनाबद्दल विचारते. कधी काही दिवस झोप न घेताही अफाट उत्साह, भराभर बोलणं, वारेमाप खर्च असं झालं होतं का, हे ती विचारत नाही. तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि औषधंही वेगळी लागतात. नुसत्या नैराश्याच्या गोळ्या अशा माणसाचा त्रास उलट वाढवू शकतात. हे विचारायला इतिहास घेणारं माणूसच लागतं.

चॅटजीपीटीबद्दल तुम्ही काळजीने लिहिलं आहे, आणि काळजी योग्य आहे. पण मुलांना तिथे काय मिळतं ते मी त्यांच्याकडूनच ऐकते. शब्द मिळतात. ‘घरी कसं सांगू ते मी त्याच्याकडून लिहून घेतलं’ असं सांगणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत, आणि त्या चिठ्ठीमुळेच घरी बोलणं झालं आहे. पॅनिक आलं तेव्हा श्वास कसा घ्यायचा हे त्याने सांगितलं आणि ती रात्र निभावली, हेही ऐकलं आहे. याला मी कमी लेखणार नाही.

अडचण पुढे येते. एआय सहसा तुमच्या म्हणण्याला धरून चालतं. ‘मैत्रिणी मला टाळतात’ असं तिने लिहिलं की ते त्या दुःखाला मान देतं, समजूत घालतं, आणि ‘तू गेल्या महिन्यात त्यांच्या किती फोनना उत्तर दिलंस?’ हा प्रश्न बऱ्याचदा राहून जातो. बरा समुपदेशक तो प्रश्न विचारतो, थोडा राग ओढवून घेतो, आणि त्यातूनच काही हलतं. दुसरं म्हणजे ते संपत नाही. सत्र पन्नास मिनिटांनी संपतं, मग आठवडाभर जगावं लागतं. चॅट पहाटे चारपर्यंत चालतं, आणि न झोपलेल्या मेंदूला सकाळी सगळं आणखी काळं दिसतं. तुमच्या भाचीच्या बाबतीत मला टेस्टच्या निकालापेक्षा या जागरणाची जास्त चिंता वाटते.

आणि गोपनीयता. आमच्या व्यवसायात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि त्याला जिवाचा धोका, कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. एआयशी झालेल्या बोलण्याला असं संरक्षण नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जुलै २०२५ मध्ये हे स्वतःच जाहीरपणे मान्य केलं होतं. मानसोपचाराच्या नावाने चालणाऱ्या ॲपनाही डोळे झाकून मान डोलावू नये. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून भाचीला एवढं सांगा: एआयशी बोलताना स्वतःचं किंवा कुणाचं पूर्ण नाव, कॉलेज, फोटो, रिपोर्ट घालू नकोस. आणि रात्री साडेअकरानंतर नको.

मरणाचे विचार मात्र एआयजवळ ठेवायची गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयनेच सांगितलं की दर आठवड्याला त्यांच्या सुमारे ०.१५ टक्के वापरकर्त्यांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताची किंवा इराद्याची स्पष्ट चिन्हं दिसतात. टक्का लहान वाटतो, पण ८० कोटी लोकांमध्ये तो दहा लाखांच्या वर जातो. इतकी माणसं अशा ठिकाणी हे बोलत आहेत जिथून उठून कुणी त्यांच्या दारावर येणार नाही.

रील्सबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणाचा विकार) सर्वात लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले, तर निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, दिशाभूल करणारे निघाले. आपल्याकडे टिकटॉक नाही, पण त्याच धाटणीच्या रील्स आहेत. मराठीत शांतपणे समजावून सांगणारं काही हवं असेल तर ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचं ‘आवाहन’ हे यूट्यूब चॅनेल तिला पाठवा. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी तिथे बोलतात. एखादा व्हिडिओ तिच्या आईलाही पाठवलात तर पुढे उपयोगी पडेल.

आता तो हीलर. पॅकेज घेऊ देऊ नका. इथे मी स्पष्ट विरोधात आहे, आणि भाचीला कारणासकट सांगा. आपल्या देशात ‘समुपदेशक’, ‘लाइफ कोच’, ‘हीलर’ अशी पाटी लावायला कुठलाही परवाना लागत नाही. परवाना लागतो तो दोघांना. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. आपल्याकडे त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो आणि या दोघांत औषधं तेच देऊ शकतात. दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, आणि त्यांचा नोंदणी क्रमांक कौन्सिलच्या वेबसाइटवर पडताळता येतो. मानसशास्त्रात एमए करून नीट प्रशिक्षण घेतलेले चांगले समुपदेशकही खूप आहेत. त्यांना नोंदणी नाही म्हणून ते वाईट ठरत नाहीत. फक्त त्यांना विचारावं लागतं: शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, माझ्यासारख्या त्रासावर किती काम केलं आहे. चांगला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट सरळ उत्तर देतो.

सावध व्हायचं ते अशा गोष्टींनी: आधी तीन महिन्यांचे पैसे, ‘पाच सत्रांत डिप्रेशन मुळापासून’, बऱ्या झालेल्या लोकांचे चेहरे आणि नावांसकट व्हिडिओ, ‘औषधं बंद कर, ती नुसती गुंगी आणतात’, आणि सत्राबाहेर खासगी मेसेजमध्ये (डीएम) सलगी. खऱ्या पहिल्या सत्रात काय होतं तेही तिला माहीत असू द्या. गोपनीयता आणि तिच्या मर्यादा सांगतात. झोप, भूक, जुने आजार, चालू औषधं, घरात कुणाला असा त्रास होता का हे विचारतात. जिवाला इजा करण्याचे विचार येतात का, हे थेट विचारतात. ऑनलाइन सत्र असेल तर तू आत्ता कुठे आहेस आणि अडचण आली तर कुणाला फोन करू, हेही विचारून ठेवतात. हा शेवटचा प्रश्न ज्यांनी विचारला नाही त्यांच्याकडे दुसऱ्या सत्राला जाण्यापूर्वी मी दोनदा विचार करेन.

औषधं ऑनलाइन मिळतात का, असं मुलं विचारतात. २५ मार्च २०२० ला आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार डॉक्टर व्हिडिओवर तपासून औषध लिहून देऊ शकतात. पण तिथे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही निनावी राहता येत नाही, आणि अल्प्राझोलामसारख्या सवय लागणाऱ्या गोळ्या अशा भेटीत लिहिता येत नाहीत. निनावी चॅटवर कुणी गोळीचं नाव सुचवत असेल किंवा मैत्रीण स्वतःच्या चिठ्ठीचा फोटो पाठवत असेल, तर तिथून तिला बाजूला करा. नैराश्याच्या औषधांना परिणाम दाखवायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून नेटवर वाचून मुलं ती सोडतात, आणि मग वाटतं की आपल्यावर काहीच चालत नाही. सोडायची असतील तरी डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

मग सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर १४४१६. हा केंद्र सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाला. चोवीस तास, मोफत, मराठीसह २० भाषांमध्ये. फोन लावला की भाषा निवडायची आणि मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते पुढे तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात कुठे जायचं ते सांगतात. म्हणजे इथे फोन ठेवल्यावर पुढची वाट आहे. कधी लाइन लागायला वेळ लागतो, कधी पहिल्या समुपदेशकाशी सूर जुळत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतर एक फोन फसला की ‘बघ, तिथेही कुणी नाही’ असं मन लगेच म्हणतं. पुन्हा लावायचा.

बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जात असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवा आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली ही सेवा फोनबरोबरच ईमेल आणि चॅटवरही समुपदेशन करते. पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करते. तिथले स्वयंसेवक सल्ले न देता ऐकून घेतात, आणि काही वेळा तेवढंच हवं असतं. सगळं डिजिटल वाईट नाही याचं एक उदाहरण गोव्यात आहे. तिथल्या ‘संगत’ संस्थेने शाळकरी मुलांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा फोनवरचा खेळ तयार केला. अडचण नेमकी कोणती, पर्याय कोणते, मग एक करून बघ, हे तो गोष्टींतून शिकवतो. पण मुलांच्या हातात नुसता खेळ देऊन ते थांबले नाहीत. सोबत समुपदेशक ठेवले. मला हेच पटतं.

तिच्या कॉलेजात समुपदेशक आहे का, तेही विचारा. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं आहे की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, आणि टेलि-मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये ठळक लावावेत. निदान सत्रासाठी एक बंद दाराची खोली तरी तिथे मिळू शकते, मग ऑनलाइन समुपदेशक दुसरी कुणी असली तरी. समोरासमोर डॉक्टर हवे असतील तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे खर्च खासगीच्या मानाने फारच कमी, रांग मात्र लांब. सकाळी लवकर जावं लागतं आणि सोबत कुणी असलेलं बरं.

आता शपथेबद्दल. ती १९ वर्षांची आहे. कायद्याने सज्ञान आहे, त्यामुळे समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जायला तिला आईवडिलांची परवानगी लागत नाही. १८ च्या आतली असती तर पालकांना सामील करावं लागलं असतं. म्हणून आज तुम्ही तिची शपथ पाळू शकता, पण एक अट आत्ताच, शांतपणे सांगून ठेवा: ‘तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी गप्प बसणार नाही. पण कुणाला सांगण्याआधी तुला सांगेन.’ मुलं ही अट मानतात. त्यांना राग येतो तो पाठीमागून सांगितल्याचा.

जिवाला धोका कसा ओळखायचा? आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं बोलणं, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज, दारू वाढणं, पूर्वी कधी प्रयत्न झालेला असणं, खूप अस्वस्थ असलेली मुलगी एकाएकी अगदी शांत होणं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: ‘मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलं आहेस का?’ विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती मनातून काढून टाका. उलट, कुणीतरी विचारलं याने मुलं सैल होतात. उत्तर हो आलं तर तिला एकटं ठेवू नका. हॉस्टेलच्या रेक्टरना किंवा जवळच्या मैत्रिणीला तिच्यापाशी बसवा, गोळ्या आणि घातक ठरेल असं काहीही तिच्या आवाक्यातून दूर ठेवायला सांगा, ११२ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा. पोलीस केस होईल या भीतीने घरचे तिथे जायला घाबरतात आणि मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं गृहीत धरतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, आणि तिला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या ३०९ कलमासारखं सरसकट कलमही राहिलेलं नाही. रुग्णालय एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद करेल, ती नियमाची नोंद असते. न्या, आधी न्या. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. हा आकडा मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. कुणी विचारलं असतं तर वाचली असती अशी कितीतरी मुलं त्यात आहेत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या पत्रावरून आज असं काही दिसत नाही, पण नवव्या प्रश्नाला तिने काय भरलं हे तुम्हाला अजून माहीत नाही. म्हणून पहिला फोन आज किंवा उद्याच करा, रविवारची वाट बघू नका. लांबलचक समजावू नका. ‘सगळ्यांनाच टेन्शन असतं’, ‘योगा कर’, ‘फोन कमी कर’ ही वाक्यं तिने आधीच मनात ऐकून ठेवली असतील. तुम्ही म्हणा: ‘तू सांगितलंस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. ती टेस्ट आपण दोघी मिळून बघू या का? आणि तो हीलर राहू दे, त्याऐवजी एक नोंदणी असलेली व्यक्ती आपण शोधू, फी मी देते.’ जेवलीस का, काल किती वाजता झोपलीस, हेही विचारा. तेवढ्यावर ती ‘बघू’ म्हणाली तरी पुरे. दोन दिवसांनी पुन्हा फोन करा.

आणि ती नाहीच म्हणाली, तर १४४१६ वर तुम्ही स्वतः फोन लावा. त्रास असलेल्या माणसानेच बोलावं असं तिथे नाही, काळजी करणाऱ्या नातेवाइकांशीही ते बोलतात. तिचं नाव न घेता परिस्थिती सांगा, तिच्याशी पुढचं बोलणं कसं काढायचं ते विचारा. फोन करताना शेजारी वही-पेन ठेवा. पुण्यातलं जवळचं केंद्र कोणतं, ओपीडीचा वार आणि वेळ काय, हे लिहून घेता येईल.